बिडाच्या गल्ल्याचं जलरंगातलं चित्र: त्यात एवढं काय आहे?

रानजाई

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टकडे ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ नावाचा एक संग्रह आहे. १८,००० हून जास्त चित्रं, बहुतेक जलरंगातली. विषय कोणते, तर खुर्च्या, गोधड्या, कुलपं, मातीच्या बरण्या, छपरावर वाऱ्याची दिशा दाखवणारे पत्र्याचे कोंबडे, बाहुल्या. आणि टॉय बँका, म्हणजे मुलांनी पैसे साठवायचे जुने गल्ले. संस्थेच्या संकेतस्थळावर हे सगळं बघता येतं.

त्यातल्या एका गल्ल्यानं मला धरून ठेवलंय. बँकेच्या छोट्या इमारतीसारखा घडवलेला, बिडाचा. मागे टेबल नाही, भिंत नाही, पडदा नाही. कोरा कागद आणि वस्तूच्या पायाशी पुसट सावली, एवढंच. छपराच्या कडेचा रंग उडालाय आणि आतलं काळपट लोखंड दिसतंय. चित्रकारानं तो उडालेला रंगही खिडक्या-दारांइतक्याच मन लावून काढलाय.

अशाच गल्ल्यांचे फोटो लिलावांच्या पानांवर ढिगानं आहेत. ते मी नुसते पुढे सरकवते. या चित्रापाशी मात्र थांबावंसं वाटतं. भुरळ वस्तूची आहे, चित्राची आहे, की आणखी कशाची? चित्रकार मंडळी, संग्राहक, आणि यातलं काहीच नसलेले, सगळ्यांनी लिहा.

बोरीबंदर

गेलो, पाहिलं, आणि रात्रीचं जेवण गार झालं. फार सुंदर खजिना दाखवलात ताई.

कुंचला

मी शाळेत चित्रकला शिकवते, म्हणून या प्रश्नावर राहवलं नाही.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत वस्तुचित्राला मुलं बसतात तेव्हा समोर बादली ठेवलेली असते. पहिल्या काही मिनिटांत कागदावर बादली उतरते, पण ती समोरची नसते, मनातली असते. तिला पोचा नसतो, कडी वाकलेली नसते. ‘समोर बघ’ हे सांगण्यातच माझं निम्मं वर्ष जातं. इंडेक्सच्या चित्रांत मनातली वस्तू जवळजवळ सापडत नाही. हा एकच गल्ला, ह्याच कोपऱ्यावर रंग उडालेला, ह्याच स्क्रूपाशी गंज धरलेला.

पद्धत बघा. आधी मोजूनमापून पेन्सिलची आकृती. मग पारदर्शक रंगाचे पातळ थर, एक वाळला की त्यावर दुसरा. जिथे चकाकी हवी तिथे कागद कोरा सोडायचा, कारण पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. हात एकदा चुकला की तो पांढरा परत मिळत नाही. बिडासाठी हे फारच अवघड. ते पितळेसारखं चमकत नाही आणि मातीसारखं मंदही नसतं.

या चित्रकारांतल्या अनेकांना ही रीत मुद्दाम शिकवली गेली. बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समधल्या सुझॅन चॅपमन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या चित्रकारांना शिकवलं. त्या पद्धतीचं मूळ इजिप्तच्या उत्खननांत आहे. थडग्यांतल्या भिंती आणि वस्तू जशाच्या तशा नोंदवण्यासाठी ती वापरली जात होती. थडग्यातल्या राजाच्या वस्तूला जी अदब दाखवायची, तीच अदब पोराच्या गल्ल्याला मिळाली. माझ्या मते भुरळ तिथे आहे.

एक_वाचक

पण फोटो का नाही काढले? कॅमेरे होते की तेव्हा.

नाणेघाट

@एक_वाचक, काळ बघा. १९३५ ते १९४२. महामंदीत बेकार झालेल्या चित्रकारांना काम देण्यासाठी रूझवेल्ट सरकारनं फेडरल आर्ट प्रोजेक्ट काढलं, त्याचा हा भाग. त्यामुळे पहिलं उत्तर असं की माणसांना रोजगार द्यायचा होता. आठवड्याला साधारण २३-२४ डॉलर मिळायचे. काम तीस-पस्तीस राज्यांत पसरलं होतं आणि एकेका चित्राला आठवडेही लागत.

दुसरं कारण तांत्रिक. कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म १९३५ मध्येच बाजारात आली. रंगीत फोटो महाग, छापायला त्रासदायक, आणि त्यांचे रंग टिकतील याची खात्री नव्हती. काळ्या-पांढऱ्या फोटोत गल्ल्याचा लाल आणि गोधडीचा निळा सारखेच करडे दिसणार.

मूळ कल्पना दोन बायकांची, हे आवर्जून सांगतो. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या चित्रसंग्रहाच्या प्रमुख रोमाना जाविट्झ, आणि कापडावरचे नमुने करणाऱ्या रूथ रीव्ह्ज. लायब्ररीत नाटकवाले, जाहिरातवाले, डिझायनर यायचे आणि जुन्या अमेरिकन वस्तूंची चित्रं मागायचे. ती मिळायची नाहीत. त्यातून हे उभं राहिलं.

कुंचला

नाणेघाट, तुमच्या दोन कारणांत तिसरं घाला. फोटो एका क्षणी एका अंतरावरून बघतो. चित्रकार वस्तूकडे दिवसेंदिवस बघतो, जवळ जातो, लांब होतो, हातात धरून उलटी करतो आणि मग ते सगळं एका चित्रात आणतो. खाचेच्या आतला अंधार आणि छपरावरचा उजेड, दोन्ही एकदम नीट दिसतात ते त्यामुळे. फोटोत एक सांभाळायला गेलं की दुसरं जातं.

ओतारी

मी कोल्हापूरचा, दोन पिढ्या फौंड्रीत. चित्रकलेतलं मला कळत नाही, पण धागा वाचून चित्रं उघडली आणि थक्क झालो. ज्यानं हे काढलंय त्याला ओतकाम कळलं होतं, निदान डोळ्यानं तरी.

असला गल्ला बहुतेक दोन अर्ध्या भागांत ओततात. बारीक ओलसर वाळूत पॅटर्नचा, म्हणजे वस्तूच्या मूळ नमुन्याचा, ठसा घ्यायचा, वरची पेटी-खालची पेटी जुळवायची, रस ओतायचा. मग दोन्ही अर्धे एका लांब स्क्रूनं आवळायचे. पेट्या जिथे जुळतात तिथे बिडावर बारीक रेघ उठते, तिला आमच्याकडं पार्टिंग लाइन म्हणतात. जुन्या चांगल्या मालावर ती कानशीनं घासून जवळजवळ नाहीशी केलेली असायची. काही चित्रांत ती रेघ मला दिसली! पुसट, पण आहे. ती सोडून दिली असती तर कुणाला कळलं असतं? चित्रकारानं सोडली नाही.

वजनाचंही बघा. कागदावरची वस्तू जड दिसते. पायाशी सावली गडद आणि लगेच विरळ होते, त्यानं ती टेकलेली वाटते. पत्र्याचं खेळणं त्याच कागदावर हलकं दिसतं. हे कसं जमवतात ते कुंचलाताईंनीच सांगावं.

कुंचला

ओतारीदादा, तुम्ही ते सांगितलंतच की. वस्तू जमिनीला टेकते त्या रेषेत सगळा जीव आहे. तिथला गडद रंग अगदी बारीक ठेवायचा आणि बाहेर पाण्यानं सोडवत न्यायचा. पत्र्याच्या कडा धारदार काढतात, बिडाच्या थोड्या गोल. जाड वस्तूची कड उजेड वेगळा पकडते.

सदाफुली

माझ्या अमेरिकेतल्या जावेकडे एक हलणारा गल्ला पाहिला होता. कळ दाबली की कुत्रा रिंगणातून उडी मारून नाणं पिंपात टाकतो. मुलं वेडी झाली होती. तो याच जातीतला का?

नाणेघाट

हो, ताई! ‘ट्रिक डॉग’. बफेलोच्या शेपर्ड हार्डवेअरचा, १८८८ च्या पेटंटचा. पुढे हबली कंपनीनंही बनवला. तुम्ही माझ्या आवडीच्या गावात आलात, आता थोडं लांबण लावतो.

कळीच्या गल्ल्यांचा जमाना सुरू झाला तो १८६९ च्या ‘हॉल्स एक्सेलसियर’पासून. जॉन हॉलची रचना, कनेटिकटमधल्या क्रॉमवेल गावच्या जे. अँड ई. स्टीव्हन्स कंपनीचं ओतकाम. इमारतीचं छप्पर उघडतं, आतून कारकून वर येतो, त्याच्या पुढ्यात नाणं ठेवलं की नाण्याच्या भारानं तो पुन्हा आत जातो.

‘टॅमनी’ हा माझा लाडका. खुर्चीत बसलेला जाडजूड पुढारी. त्याच्या हातावर नाणं ठेवायचं, नाण्याच्याच वजनानं हात खिशाकडे जातो आणि तो मान हलवून आभार मानतो. न्यूयॉर्कच्या टॅमनी हॉल या राजकीय संघटनेचा सर्वेसर्वा बॉस ट्वीड भ्रष्टाचारात अडकला तो हा काळ, १८७० चं दशक. बापानं पोराला बचत शिकवावी आणि त्याच खेळण्यातून राजकारणही.

‘ईगल अँड ईगलेट्स’, १८८३ चं पेटंट. गरुडाच्या चोचीत नाणं, कळ दाबली की तो वाकतो, पिल्लं चोची उघडतात, आतल्या छोट्या भात्यातून चिवचिव निघते आणि नाणं घरट्यात पडतं. आणि १८९६ चा ‘विल्यम टेल’. नाणं बंदुकीतून सुटतं, पोराच्या डोक्यावरचं सफरचंद पडतं, नाणं किल्ल्यात जाऊन घंटा वाजते.

बोरीबंदर

मान हलवून आभार मानणारा पुढारी! नाणेघाटराव, असं मॉडेल पुन्हा निघायला हवं, पहिला ग्राहक मी.

ओतारी

नाणेघाट, एक विचारतो. जुना आणि नकली कसा ओळखतात? मला एक तर्क आहे.

नाणेघाट

आधी तुमचा तर्क सांगा, दादा.

ओतारी

बीड गार होताना आकसतं. फुटाला साधारण इंचाचा आठवा भाग, म्हणजे शेकडा एक. पॅटर्नवाल्याची फूटपट्टीच त्यामुळे वेगळी असते, तेवढी लांब केलेली. आता समजा कुणी जुना गल्लाच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला आणि नवा ओतला, तर तो मूळच्यापेक्षा शेकडा एक लहान होणार. लपवता येणार नाही.

नाणेघाट

तंतोतंत! संग्राहक अस्सल गल्ल्याच्या तळाची बाह्यरेषा कागदावर आखून ठेवतात आणि नवा नमुना त्यावर ठेवून बघतात. नकली आत बसतो. शिवाय नकलेवर वाळूचा खरखरीतपणा राहतो, सांधे नीट बसत नाहीत. आणि अधिक-चिन्हाच्या खाचेचा फिलिप्स स्क्रू दिसला तर लगेच संशय घ्यायचा, कारण तो स्क्रू १९३० च्या दशकातला.

सदाफुली

अवांतर होतंय, पण लिहू दे. आमच्या लहानपणी जत्रेतून मातीचा गल्ला आणायचो. भरला की फोडायचा. धीर नसला की आईच्या केसांचा आकडा घालून नाणी काढायची. मग एका बँकेनं पत्र्याची कुलूपबंद पेटी दिली, तिची किल्ली बँकेतच. आमची सगळी गंमतच संपली.

बोरीबंदर

आकडा आणि सुरीचं पातं, दोन्ही आलटून पालटून. गल्ला उलटा धरून हलवायचा आणि नाणं पात्यावर आडवं घ्यायचं. भावाचा हात यात पक्का होता.

एक_वाचक

सगळे रमलेत, पण मला एक टोचतंय ते मांडतो. हे सगळे गल्ले इतके निरागस नव्हते. त्याच कारखान्यांतून, त्याच वर्षांत काळ्या माणसांची विद्रूप टिंगल करणारे गल्लेही निघत होते. मोठे ओठ, बाहेर काढलेली जीभ, हातावर नाणं ठेवलं की गिळणारं डोकं. घरोघरी गोऱ्या मुलांच्या हातात ते होते. ‘किती गोड’ म्हणताना हे बाजूला कसं ठेवायचं?

मिशिगनकर

बरं झालं हे कुणी काढलं. इथे मिशिगनमध्ये बिग रॅपिड्सला, फेरिस स्टेट युनिव्हर्सिटीत जिम क्रो म्युझियम आहे. वंशद्वेष पसरवणाऱ्या रोजच्या वापरातल्या वस्तूंचाच संग्रह, त्यात असे गल्लेही आहेत. पाहताना पोटात कालवतं, आणि ते कालवावं म्हणूनच त्या वस्तू मांडल्या आहेत.

याला जोडून एक खरी बँक सांगतो. गुलामीतून सुटलेल्या लोकांसाठी १८६५ मध्ये फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली. शेतमजूर, धोबिणी, सैनिक यांनी पैसा पैसा ठेवला. १८७४ मध्ये ती बुडाली आणि हजारो लोकांची बचत गेली. एकीकडे काळा माणूस उधळा, खादाड म्हणून खेळण्यात दाखवायचा, आणि दुसरीकडे त्यानं खरोखर साठवलेलं बुडवायचं. बचतीच्या खेळण्यांचा इतिहास सांगताना हे पान वगळू नये असं मला फार वाटतं.

रानजाई

@एक_वाचक, @मिशिगनकर, हे इथे यायलाच हवं होतं. इंडेक्सची स्वतःचीही निवड होती. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या कलेला त्यांनी त्यात घेतलंच नाही, ते मानववंशशास्त्राचं काम म्हणून बाजूला ठेवलं. ‘अमेरिकन’ म्हणजे कोण, हे तिथेच ठरून गेलं. इतक्या प्रेमानं केलेली यादीही कुणाला तरी दाराबाहेर ठेवून केलेली आहे.

एक_वाचक

पटलं. मग आता दुसरं भांडण. रानजाईताई, तुम्ही कुठे म्हटलं नाहीत, पण या चित्रांना सगळे सर्रास ‘लोककला’ म्हणतात. गल्ला कारखान्यात हजारांनी निघाला. त्याचं चित्र काढणारा सरकारी पगारावरचा, शिकलेला. यात लोककला आली कुठून?

कुंचला

माझंही मत तेच. वारली ही लोककला, कारण काढणारी, बघणारी आणि ज्यांच्या लग्नासाठी भिंत लिंपली ती माणसं एकच. इथे तसं नाही.

नाणेघाट

मी विरुद्ध बाजूनं. फेडरल आर्ट प्रोजेक्टचे प्रमुख होल्गर केहिल यांनी १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये अमेरिकन लोककलेचं प्रदर्शन भरवलं होतं. लोककला म्हणजे सामान्य माणसानं केलेली आणि सामान्य माणसासाठी असलेली कला, ही त्यांची मांडणी. कारखान्यातही लाकडाचा पहिला नमुना कोरणारा एक कारागीर असतोच. गरुडाच्या पिलांच्या चोची कुणीतरी हातानं कोरल्या, तेव्हाच त्या बिडात आल्या. रंगही हातानंच दिले जात. शंभर गल्ल्यांवर शंभर वेगळ्या भुवया सापडतील.

ओतारी

नाणेघाट बरोबर बोलतात. पॅटर्न करणारा सुतार हा फौंड्रीतला कलाकारच. आमच्याकडं एक म्हातारे मिस्त्री होते, सागवानात गिअरचे दात कोरायचे. त्यांचं नाव कुठल्याच मालावर आलं नाही. माल मात्र लांब लांब गेला.

कुंचला

ओतारीदादांच्या मिस्त्रींसाठी मी निम्मी माघार घेते. गल्ला लोककलेत बसवा. चित्राला मी अजूनही ‘नोंद’ म्हणेन, आणि ती कमी दर्जाची गोष्ट आहे असं मुळीच मानत नाही. त्या चित्रांसोबत तक्तेही भरले जायचे, वस्तूची मापं, साहित्य, ती कुणाकडे आहे ते. चित्रकाराला स्वतःची शैली बाजूला ठेवायला सांगितलेलं होतं. तरी हात ओळखू येतो. एकाची सावली निळसर, एकाची तपकिरी. ‘स्वतःला विसर’ म्हटल्यावरही जे उरतं, ते मला फार मोलाचं वाटतं.

मिशिगनकर

रूथ रीव्ह्ज यांचं नाव वर आलंय, त्यांचं पुढचं कुणी लिहिलं नाही म्हणून. १९५६ मध्ये त्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. ऑल इंडिया हँडिक्राफ्ट्स बोर्डाबरोबर काम केलं, मेणाच्या साच्यातून धातू ओतण्याच्या आपल्याकडच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं, आणि १९६६ मध्ये दिल्लीतच वारल्या. अमेरिकेतल्या बिडाच्या गल्ल्यांची नोंद व्हावी म्हणून धडपडलेली बाई शेवटी आपल्या ओतकाऱ्यांपाशी बसून टिपणं घेत होती.

ओतारी

हे मला माहीत नव्हतं. अंगावर काटा आला. ते पुस्तक शोधणार.

रानजाई

मग मनातलं बोलून टाकते. आपल्याकडे अशी चित्रं कुणी काढावीत असं फार वाटतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, कुलपं, फण्या आहेत. एका माणसानं १९२० च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केलेला संग्रह, आज २०,००० च्या वर वस्तू. त्यातला एकेक अडकित्ता असा कोऱ्या कागदावर, उजेड-सावलीसकट बघायला मिळाला तर? फोटो आहेत, पण फोटोनं मन भरत नाही हे आपण वर बोललोच.

बोरीबंदर

संग्रहालय सोडा, घरातली उखळं, खलबत्ते, विळ्या भंगारात चालल्यात. अमेरिकेतही महायुद्धात भंगार लोखंड गोळा करायच्या मोहिमा झाल्या होत्या. ही चित्रं त्याच्या जरा आधी काढून झाली हे नशीब.

सदाफुली

त्या चित्रांची प्रत छापून भिंतीवर लावता येते का? की परवानगी लागते?

नाणेघाट

ज्या चित्रांवर खुली असल्याची खूण आहे ती संकेतस्थळावरून मोठ्या आकारात मोफत उतरवून घेता येतात, छापताही येतात. मूळ कागद उजेडानं फिके पडू नयेत म्हणून बहुतेक वेळ कपाटात असतात. वॉशिंग्टनला जाणार असाल तर आधी वेळ ठरवून अभ्यासकक्षात बघायला मागता येतात.

कुंचला

रानजाईताई, संग्रहालयाचं माझ्या हातात नाही, वर्ग आहे. पुढच्या सत्रात आठवीला वस्तुचित्रासाठी प्लास्टिकची बादली न ठेवता घरातली एक जुनी वस्तू आणायला सांगणार. मागे पडदा नाही, कोरा कागद, एकाच बाजूनं उजेड, आणि पोचे-गंज सगळं काढायचं. कागदामागे वस्तूचं माप आणि ती कुणाच्या घरातली ते लिहायचं. मुलांची चित्रं इथे टाकीन. फक्त बिडाचं काही माझ्याकडे नाही, आणि सुरुवात मला त्यानंच करून दाखवायची आहे.

ओतारी

ताई, शाळेचा पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा. जुन्या शिवणयंत्राचं बिडाचं पायदान आहे, नक्षीचं, रंग अर्धा उडालेला. सोबत एका छोट्या पुलीचा सागवानी पॅटर्न पाठवतो, म्हणजे मुलांना लाकूड आणि बीड शेजारी ठेवून बघता येईल. पार्सल जड आहे, दोन माणसं लागतील उतरवायला, तेवढं शाळेत सांगून ठेवा.